आजतागायत शुद्धीवर

९ फेब्रुवारी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. हल्ली मी नमस्कारसुद्धा सावकाश, नीट वाकून घालतो. वेळच वेळ आहे.

फोन केला असता, पण फोनवर तू "हो हो, बरं बरं" म्हणायला लागलीस की तुला एक अक्षर ऐकू आलेलं नसतं, हे मी ओळखतो. कानाचं यंत्र तू अजून कपाटातच ठेवलं असणार. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की तुझा भाचा गेले पाच आठवडे जमिनीवर आहे. आम्हा वैमानिकांना दरवर्षी वैद्यकीय तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते हातात नसेल तर विमानाच्या दारातून आत डोकावता येतं, बाकी काही नाही. या वेळी हृदयाचा आलेख काढताना एक ठोका रांग सोडून पुढे घुसला. एकच. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही, पण कागदावर आलंय ना, आता कागदानेच घालवायला हवं." मग मला फिरत्या पट्ट्यावर पळवलं, चोवीस तास छातीला यंत्र बांधून फिरवलं. सगळं स्वच्छ निघालं. अहवाल वैद्यकीय मंडळाकडे गेला. "दहा दिवस लागतील," म्हणाले. आज तेहतिसावा दिवस. संगणकावर माझ्या प्रकरणापुढे 'विचाराधीन' असं येतं. मी ते उठल्यावर बघतो, जेवणाआधी बघतो आणि जेवून हात पुसता पुसता पुन्हा बघतो. एवढा विचार तर मी लग्न करतानाही केला नव्हता.

घाई कशाची, ते सांगतो. २० एप्रिलला कप्तानाचं प्रशिक्षण सुरू होतंय. तेरा वर्षं उजव्या खुर्चीत सहवैमानिक म्हणून काढली, आता डावी मिळायची वेळ आली आहे. त्या दिवशी प्रमाणपत्र नसेल तर जागा पुढच्या माणसाला जाणार आणि मला दोन वर्षं थांबावं लागणार. पुढचा माणूस म्हणजे आमचा इस्त्री. त्याच्या गणवेशाची घडी वादळातून विमान काढल्यावरही मोडत नाही, म्हणून हे नाव.

आणि तुझी ती प्रतिज्ञा. "तू डावीकडे बसशील तेव्हाच मी विमानात बसेन, मदतनिसाच्या भरवशावर नाही," असं माझ्या लग्नात तू चारचौघांत जाहीर केलं होतंस. तुला चौऱ्याहत्तर पुरी झाली. दोन वर्षांचं गणित मला मांडायचं नाही.

तुझा,
ठोंब्या


१४ फेब्रुवारी

चि. ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुझे ९ तारखेचे पत्र काल मिळाले. आवक क्र. ४१२.

हस. तू हसणार हे मला माहीत आहे. पण वसतिगृहातून आलेल्या तुझ्या पहिल्या पत्रापासून, ज्यात 'बनियन पाठव' एवढाच मजकूर होता, सगळी पत्रं माझ्या नोंदवहीत आहेत. तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत आवकच्या खिडकीत बसलेल्या बाईकडून तू दुसरी काय अपेक्षा ठेवतोस?

माझं वय काढलंस. बरं केलंस. मी अजून दोन जिने न थांबता चढते आणि शेजारीण एका जिन्यात तीनदा टेकते. ती बासष्टची आहे. तेव्हा माझ्या गणिताची काळजी तू करू नकोस.

आता कामाचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं लोक म्हणतात, पण ते खिडकीबाहेरचे लोक. आतून बघशील तर फाइल हरवत नाही की कुणी दाबूनही ठेवत नाही. तिच्या पोटात उत्तर न दिलेला एखादा कागद असतो, आणि तो असेपर्यंत ती जागची हलत नाही. असा कागद तुझ्या फाइलीत आहे का, ते शांतपणे शोध. आणि मुख्य म्हणजे त्यांना उठसूट पत्रं लिहू नकोस. आलेलं प्रत्येक पत्र नोंदवावं लागतं आणि नोंदवलं की त्याला उत्तर द्यावंच लागतं. आमच्याकडे एका गृहस्थाने स्वतःचंच निवृत्तिवेतन स्मरणपत्रं पाठवून पाठवून अडीच वर्षं अडवून धरलं होतं.

तुझ्या प्रकरणाचा संदर्भ क्रमांक काय आहे? सहज विचारते.

यंत्र कपाटात नाही, उशाशी आहे.

तुझी,
आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. संदर्भ क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडला आहे. दोन ओळींत मावत नाही. फाइलीत उत्तर न दिलेला कागद एकही नाही, मी स्वतः जाऊन विचारलं. म्हणजे विचारायला गेलो. चौकशीच्या खिडकीवर पाटी आहे, 'वैद्यकीय प्रकरणांची चौकशी येथे करू नये.' मग कुठे करावी, हे विचारायला दुसरी खिडकी आहे आणि ती बंद होती. शेवटी एक बाई जिन्यात भेटल्या. हातात डबा, केसांत पेन खोचलेलं. म्हणाल्या, "कागद पूर्ण आहेत. साहेब रजेवर होते, परवा आले. आता वरच्या गठ्ठ्यात आहात तुम्ही." वरच्या गठ्ठ्यात! मी घरी येईपर्यंत शीळ घालत होतो.

घरची हालत मात्र नाजूक आहे. तुझी सूनबाई दातांची डॉक्टर, सकाळी नऊला दवाखाना गाठते. आमची लेक, घरातली धाकटी, शाळेत जाते. घर माझ्या ताब्यात आहे. आम्हाला उड्डाणाआधी यादी मोठ्याने वाचून एकेक गोष्ट तपासायची सवय असते. तीच मी इथे लावली. कुकर लावण्याआधी: पाणी, तपासलं. शिट्टी, तपासली. झाकण, बंद. दप्तरासाठी वेगळी यादी केली. धाकटी दाराशी उभी राहून "पट्टी, तपासली, डबा, तपासला," म्हणायची, तोवर बस निघून गेली. दोनदा. परवा सूनबाई म्हणाली, "तुझा एखादा दात तरी दुखू दे रे. म्हणजे मला तुला खुर्चीत बसवून तोंड उघडं ठेवायला लावता येईल, आणि तुला बोलता येणार नाही."

पण आता थोडेच दिवस. वरचा गठ्ठा!

तुझा,
ठोंब्या


२६ फेब्रुवारी

चि. ठोंब्या,

पत्र पोचले. आवक क्र. ४१३. संदर्भ क्रमांकही पोचला. चांगला ऐसपैस आहे. आमच्या वेळी क्रमांकाकडे बघून खातं, वर्ष, सगळं कळायचं. यातही कळतं, थोडं डोकं चालवलं की.

वरच्या गठ्ठ्यात असलास तर उत्तमच. मी काही करणार नाहीये. हे पत्र छोटं लिहिते, कारण या आठवड्यात मला जरा दुसरं लिखाण आहे. नवा निबही आणला.

सूनबाईला सांग, यादीतला पहिला मुद्दा 'नवरा, घराबाहेर' असा ठेव.

तुझी,
आत्या


१८ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. बुडत्याचा पाय खोलात.

मंडळाचं पत्र आलं. प्रमाणपत्र नव्हे, विचारणा. शब्दशः उतरवतो: 'आपणांस बालपणी शुद्ध हरपण्याचा प्रकार घडला असल्याचे या कार्यालयास लेखी समजले आहे. आपण अर्जात "कधीही शुद्ध हरपली होती काय?" या प्रश्नापुढे "नाही" असे नमूद केले आहे. याबाबत खुलासा करावा. तत्कालीन वैद्यकीय नोंद सादर करावी, अन्यथा मेंदूविकार तज्ज्ञांकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी.'

तज्ज्ञांची पहिली मोकळी तारीख ११ जून आहे. म्हणजे २० एप्रिल गेलं. आणि आत्या, आता ते नुसतं उशिराचंही राहिलेलं नाही. एका ठोक्याचं कुणी काही धरून बसत नाही. पण वैमानिकाने आजार लपवला असं एकदा ठरलं, तर डावी खुर्ची राहू दे, उजवीही जाते. आज पहिल्यांदा मला भीती वाटली.

हे त्यांना लेखी कळवलं कुणी? माझ्या डोक्यात एकच नाव येतं. मी गेलो की डावी खुर्ची कुणाला मिळणार? इस्त्रीला. मागे एका लांबच्या मुक्कामात बोलता बोलता मीच त्याला लहानपणीच्या गमती सांगितल्या होत्या. वरून किती गोड! दर आठवड्याला फोन करून विचारतो, "काही लागलं तर सांग." काल उपाहारगृहात सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं, "झालं समाधान?" तो सॅलडच्या काकड्या एका रेषेत लावत बसला.

तुझा,
ठोंब्या


२२ मार्च

चि. ठोंब्या,

पत्र मिळाले. आवक क्र. ४१४.

इकडे हवा बरी आहे. सकाळी थोडा गारवा असतो. शेजारणीच्या जावयाने नवी सायकल घेतली. तुझ्यासाठी पायमोजे विणायला घेतले आहेत, राखाडी. एक झाला.

त्या इस्त्रीला उगाच बोललास. माणूस नीटनेटका असला म्हणजे लबाडच असतो असं नाही. पुरावा नसताना कुणावर बोट ठेवू नये.

जेवण वेळेवर घे.

आत्या

ता. क. त्यांना जे लेखी समजलं, ते पत्र तू पाहिलंस का? सहज विचारते. त्याला समास सोडलेला होता का?


२६ मार्च

आत्या,

समासाचं तू का विचारतेस?

ठोंब्या


३० मार्च

चि. ठोंब्या,

तुझे पत्र, म्हणजे ती एक ओळ, मिळाले. आवक क्र. ४१५. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

मीच लिहिलं.

तुला सांगितलं होतं, पत्रं लिहू नकोस. पण ते तुला सांगितलं होतं, मला कोण सांगणार? वाटलं, साहेब रजेवरून आलेत, टेबलावर गठ्ठा आहे, एक चांगल्या शब्दांतला कागद वर असला तर हात आधी तिथे जाईल. माझ्याकडे ठेवलेली स्थळप्रत पाठवत नाही, इथेच उतरवते:

'विषय: वैमानिक भाच्याच्या उत्तम प्रकृतीबाबत. महोदय, सदर इसमास मी त्याच्या वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ओळखते. सर्दी-पडसे वगळता त्यास कोणताही आजार नाही. वयाच्या सातव्या वर्षी एकदा भोवळ येऊन शुद्ध हरपली होती. ती अर्ध्या तासात परत आली व तो आजतागायत शुद्धीवर आहे. सबब प्रमाणपत्र विनाविलंब देण्यात यावे, ही विनंती.'

एखाद्या दुसऱ्या बाईने हे लिहिलं असतं ना, तर कुणी हसून केराच्या टोपलीत टाकलं असतं. आजी-मावश्यांची असली पत्रं आमच्याकडे रोज यायची, आम्ही चहाच्या वेळी वाचायचो. पण मी वर विषय लिहिला, संदर्भ लिहिला, क्रमांक बिनचूक घातला, डावीकडे दीड इंच समास सोडला. ते पत्र सरळ तुझ्या फाइलीत जाऊन बसलं. आणि फाइलीत बसलं की उत्तर हवंच. हात दाखवून अवलक्षण! तेहतीस वर्षांचा हात होता, म्हणून अवलक्षणही पक्कं झालं.

ती गोष्ट लिहायलाच नको होती, पण खरं लिहायची खोड. मला तो दिवस डोळ्यांसमोर आहे रे. दादाची नोकरी रस्तेबांधणीची, दरवर्षी नवा मुक्काम, म्हणून तू चार वर्षं माझ्याकडे होतास. त्या दिवशी दादा-वहिनी तुला कायमचं न्यायला आले होते. ट्रंक दारात. तू चपला घातल्यास आणि तिथेच आडवा झालास. मी तुला उचलून डॉक्टरांच्या घरी पळत गेले, अनवाणी. त्यांनी तपासलं आणि दादाला सांगितलं, "पोर नाजूक आहे, वर्षभर जागा बदलू नका." एका वर्षाची अकरा झाली. तुझ्या त्या दुखण्यामुळे तू मला मिळालास, आणि आता त्याच दुखण्याने मी तुझं नुकसान केलं. मला रात्री झोप येत नाही.

रागाव, पण पत्र लिही.

आत्या


४ एप्रिल

ती. आत्या,

नमस्कार. एक दिवस रागावलो. दुसऱ्या दिवशी धाकटीने तुझं पत्र वाचलं आणि आता ती दर वेळी दात घासताना आरशात बघून जाहीर करते, "मी आजतागायत शुद्धीवर आहे." सूनबाई हसून हसून खुर्चीतून पडली. या घरात राग टिकवणं अवघड आहे.

इस्त्रीची माफी मागितली. तो म्हणाला, "मला वाटलं उपास घडलाय, साखर उतरलीय, म्हणून तू गेल्यावर आम्ही तुझ्यासाठी बिस्किटं मागवली." ती त्याने अजून जपून ठेवली होती. पुड्याला सुरकुती नव्हती.

आता माझी पाळी. आत्या, बसून वाच. मी त्या दिवशी बेशुद्ध पडलोच नव्हतो. नाटक केलं होतं. अर्जावर 'नाही' लिहिलं ते शंभर टक्के खरं लिहिलं. चौतीस वर्षं तुला सांगायचं राहिलं, कारण तू दर पाहुण्याला ती गोष्ट सांगायचीस, अनवाणी पळाल्याची, आणि सांगताना तुझा आवाज बदलायचा. मग मी काय सांगणार होतो?

का केलं, तर विमानांसाठी. तुझ्या गच्चीवरून विमानं दिसायची आणि बाबांच्या नव्या मुक्कामी आभाळ रिकामं होतं. सात वर्षांच्या पोराला तेवढं कारण पुरतं.

पण हे मंडळाला कोण पटवणार? 'साहेब, मी ढोंगी होतो, आजारी नव्हतो' हा खुलासा मी चार वेळा लिहिला आणि चारही वेळा फाडला. पुरावा नाही, आणि ते डॉक्टर जाऊन दहा वर्षं झाली. तज्ज्ञांची ११ जूनची तारीख घेऊन ठेवली आहे. तू झोप मात्र नीट घे. दोन वर्षं थांबू. तू दोन जिने चढतेस ना, मग झालं तर.

तुझा,
ठोंब्या


११ एप्रिल

चि. ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र ७ तारखेस मिळाले. आवक क्र. ४१६. उत्तराला चार दिवस लागले, कारण मी घरी नव्हते.

एकदा आत गेलेलं पत्र परत घेता येत नाही. त्याला उत्तर देणारा दुसरा कागदच आत घालावा लागतो. म्हणून तुझं पत्र वाचून झाल्याबरोबर मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. आता त्यांची मुलगी बसते. ती म्हणाली, "बाबांच्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत, पण तिथे कोण चढणार?" मी चढले. बिचारी खाली शिडी धरून "मावशी, सांभाळून" म्हणत होती. वह्या वर्षवार लावलेल्या. देव त्या माणसाचं भलं करो. वीस मिनिटांत पान सापडलं. जसंच्या तसं लिहिते:

'मुलगा, वय ७. रविवार, दुपारी घरी आणला. शुद्ध हरपल्याची तक्रार. नाडी उत्तम. पापण्या फडफडतात. तळपायाला गुदगुल्या केल्यावर हसला. आजार नाही, नाटक आहे. एकट्यात विचारले असता म्हणतो, आत्याला सोडून जायचे नाही. वडिलांना "नाजूक आहे" एवढेच सांगितले. आत्याकडून हलवू नये.'

मी माळ्यावरच बसून राहिले. खालून मुलीने दोनदा हाक मारली, ती ऐकू आली, तरी मी पान पुन्हा पहिल्यापासून वाचत होते.

विमानांसाठी राहिलास म्हणे! आपल्या घरावरून विमानं जायला लागली तेव्हा तू नववीत होतास, लबाडा. खिडक्यांची तावदानं हादरतात म्हणून मी अर्ज केला होता, त्याची स्थळप्रत आहे माझ्याकडे.

असो. पानाची नक्कल काढली, मुलीकडून सही-शिक्का घेतला आणि पहाटेची गाडी धरून तुझ्या त्या मंडळात गेले. टपालावर आता विसंबायचं नव्हतं. तुझ्या घरी उतरले नाही, कारण तू मला जाऊ दिलं नसतंस.

जन्मात पहिल्यांदा मी आवकच्या खिडकीबाहेर उभी राहिले. फार उंच असते रे ती खिडकी. आत बसून कधी कळलं नव्हतं. आत तुझी ती केसांत पेन खोचलेली बाई. मी कान पुढे केला आणि यंत्रही लावलं, खोटं नाही सांगत. तिने नकलेसोबतचं माझं पत्र बघितलं, मग मला बघितलं. "आजी, मागचं पत्र तुमचंच का? साहेबांनी नव्या लोकांना दाखवायला त्याची प्रत काढून ठेवलीय. विषय, संदर्भ, समास, सगळं कसं असावं म्हणून." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि थोडं बरंही वाटलं.

मी पानाचा खालचा भाग दुमडून आणला होता. 'नाटक आहे' इथपर्यंत त्यांना पुरे, पुढचं घरातलं आहे. ती म्हणाली, "अर्धी नक्कल चालत नाही, आजी." हेच वाक्य मी तेहतीस वर्षं लोकांना ऐकवलं आहे. उलगडून दिलं.

साहेबांनी आत बोलावलं. स्वतः डॉक्टर आहेत, पन्नाशीचे. पान वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग विचारलं, "म्हणजे मुलगा तुमच्याकडेच वाढला?"

"हो."

"आणि आता?"

"आता जमिनीवर आहे, तुमच्या कृपेने."

ते हसले आणि तिथेच शेरा लिहिला. उलटा वाचण्याची मला सवय आहे: 'नोंद पाहिली. खुलासा समाधानकारक. हरकत नाही.' खाली सही. आता जावकची खिडकी किती दिवस लावते ते बघायचं. जावकवाले नेहमीच सुस्त, आमच्या वेळीही.

दोन गोष्टी. वहिनीला यातलं काही कळू देऊ नकोस. ती बिचारी ट्रंकेत तुझे नवे कपडे घेऊन आली होती, तिला आता रडवण्यात अर्थ नाही. आणि त्या पानाची एक नक्कल माझ्याकडे आहे. ती कुठे नोंदवावी मला कळत नाही. आल्यापासून टेबलावरच पडून आहे. माझ्याकडे असं कधी होत नाही.

तुझी,
आत्या


१७ एप्रिल

ती. आत्या,

आलं!

आज सकाळी दहा चाळीसला. संगणकावरचं 'विचाराधीन' गेलं आणि 'पात्र' आलं. तिघांनी मिळून वाचलं, मग सूनबाईने एकटीने वाचलं, मग इस्त्रीला फोन करून त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सोमवारी पहिल्या दिवशी शर्ट नीट घालून ये." सोमवारी २० तारीख आहे, आत्या. तीन दिवस राखून पोचलो.

तुझं पत्र मला उभ्याने वाचता आलं नाही. बसलो. सूनबाई म्हणाली, "काय झालं?" मी ते तिच्या हातात दिलं. ती वाचून दवाखान्यात गेली आणि दुपारी परत येऊन म्हणाली, "आज मी एका पेशंटचा भलताच दात काढणार होते."

होय, विमानं नव्हती. चौथ्या इयत्तेपर्यंत मला विमान म्हणजे काय ते नीट ठाऊकही नव्हतं. तू होतीस. हे एवढं लिहायला मला एक्केचाळीस वर्षांचं व्हावं लागलं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत घेऊन सांगितलं होतं, "बाळ, मी कुणाला सांगत नाही, पण मोठेपणी तू सांग." मी नाहीच सांगितलं. त्यांच्या वहीने सांगितलं.

पायमोजा दुसराही विण. आणि बॅग काढून ठेव.

तुझा,
ठोंब्या


९ ऑगस्ट
(विमानातल्या कागदी रुमालावर, घाईत)

ती. आत्या, आसन क्र. ४ अ,

दारं बंद व्हायला सहा मिनिटं आहेत. कप्तान म्हणून मी आता ध्वनिक्षेपकावरून बोलेन, ते तुला ऐकू येणार नाही, कारण यंत्र तू पुन्हा घरी विसरलीस, हे सूनबाईने कळवलं आहे. म्हणून लेखी कळवतो: हवा स्वच्छ आहे, प्रवास एक तास दहा मिनिटांचा, मी डावीकडे बसलो आहे. उजवीकडच्याला सांगून ठेवलं आहे, मागे कोण बसलंय ते. घाबरली नाहीस ना? हवाईसुंदरीकडे उत्तर दे.

ठोंब्या


(त्याच कागदाच्या मागे, समास सोडून)

चि. कप्तान,

चिठ्ठी मिळाली. घाबरले नाही. आजतागायत शुद्धीवर आहे. पट्टा, तपासला. खिडकी, तपासली.

ही तुझी आवक क्र. ४१९. तू मोजत असशील तर म्हणशील, ४१८ हवी. बरोबर आहे. पण डॉक्टरांचं ते पान शेवटी मी क्र. १ वर नोंदवलं, तुझं मला आलेलं पहिलं पत्र म्हणून. त्यामुळे बनियनपासून पुढचे सगळे आकडे खोडून एकेकाने वाढवावे लागले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी नोंदवहीत एक खाडाखोड केली नव्हती. या वहीत चारशे सतरा केल्या. लाल शाईची बाटली संपली.

चल आता. मला उशीर केलेला आवडत नाही.

आत्या